ख्रिस्तभूमीची यात्रा आणि मराठी यात्रालेखन : पुरावा, स्मरण आणि शेजार

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपण सामान्यतः दोन टोके लक्षात घेतो. एका टोकाला काशी-रामेश्वराची जुनी तीर्थयात्रा असते, तर दुसऱ्या टोकाला स्वातंत्र्योत्तर काळातील परदेश-प्रवास असतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) या दुसऱ्या टोकाला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. या दोहोंच्या मध्ये असलेला एक लहानसा प्रवाह मात्र समीक्षेच्या नजरेतून बहुधा निसटला आहे. तो म्हणजे मराठी ख्रिस्ती लेखकाने बायबलमधील पवित्र स्थळांच्या यात्रेवर केलेले चिंतन. हे लेखन प्रवासवर्णनही आहे आणि तीर्थयात्रावर्णनही आहे. ते परदेशाविषयी असूनही लेखकाच्या दृष्टीने ती भूमी परकी नसते. बालपणापासून ऐकलेल्या कथांची ती भूमी असते.

या प्रवाहातील ठळक नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे होय. वसईजवळील नंदाखाल येथे जन्मलेले, ‘सुवार्ता’ मासिकाचे १९८३ ते २००७ या काळात संपादक असलेले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले दिब्रिटो यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या ग्रंथाद्वारे हा विषय ख्रिस्ती वाचकवर्गाबाहेर नेला. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या एका ग्रंथाचे परीक्षण करणे हा नाही. यात्रेकरू लेखक पवित्र भूमीत काय पाहतो, काय पाहत नाही आणि त्याचे लेखन कोणत्या निकषांवर तपासावे, हा येथील प्रश्न आहे. त्यासाठी ‘पुरावा’, ‘स्मरण’ आणि ‘शेजार’ अशा तीन दृष्टी येथे कल्पिल्या आहेत.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर त्या भूमीत जे घडले त्यामुळे यात्रेकरूच्या नजरेचा प्रश्न नैतिकही झाला आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बेथलेहेममधील नाताळचे सार्वजनिक सोहळे रद्द करण्यात आले. ज्या गावाच्या नावाने जगभर गव्हाणी मांडल्या जातात त्या गावीच त्या दोन वर्षी सण शांतपणे पाळला गेला असताना, त्या गावाच्या यात्रेविषयी मराठीत कसे लिहावे, हे ठरविणे आवश्यक आहे.

१. ठाणे आणि कल्याण : यात्रेची उलट दिशा

या विषयाचा विचार ठाणे-कल्याण परिसरातून करण्यास एक विशेष कारण आहे. येथून आज भाविक जेरुसलेमला जातात, हे सर्वज्ञात आहे. परंतु ख्रिस्ती प्रवासलेखनाच्या इतिहासात ही दोन्ही गावे फार पूर्वीच नोंदली गेली आहेत. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस याने लिहिलेल्या ‘ख्रिस्ती भूवर्णन’ या ग्रीक ग्रंथात ‘कल्लिआना’ या बंदराचा उल्लेख येतो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपले कल्याण होय असे मानतात. तेथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे कॉस्मस सांगतो. १९८८ मध्ये सायरो-मलबार ख्रिस्ती समाजासाठी कल्याण हा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा या गावाचे नाव चर्चच्या नकाशावर पुन्हा आले.

ठाण्याची नोंद अधिक वेदनामय आहे. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन संन्यासी थॉमस (तोलेन्तिनो), जेम्स (पादुआ), पीटर (सिएना) आणि त्यांचे सहकारी दिमित्रिअस हे ठाण्यास उतरले. त्यांचा मुक्काम एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात होता. एप्रिल महिन्यात तत्कालीन अधिकाऱ्याच्या आज्ञेने त्यांचा वध झाला. त्यांचे सोबती जॉर्डनस यांनी देह पुरले आणि थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिक याने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. ओडोरिकच्या वृत्तांतात ठाण्यातील नेस्टोरियनांची पंधरा घरे नोंदली आहेत. ज्याने वध करविला त्या अधिकाऱ्याला दिल्लीच्या सुलतानाने शासन केल्याचेही त्याच वृत्तांतात आहे. वृत्तांताचा केवळ पहिला भाग सांगितला तर ती दोन धर्मांच्या वैराची कथा होते. दुसरा भाग जोडला की तिचा अर्थ बदलतो. यात्रावृत्तांतातून काय निवडले जाते यावर त्याचे परिणाम अवलंबून असतात, ही गोष्ट आपल्या गावच्या उदाहरणातूनच स्पष्ट होते.

तिसरा धागा बेने इस्राएल समाजाचा आहे. ठाण्यातील ‘शार हशामाईम’ (स्वर्गाचे दार) हे सिनेगॉग १८७९ मधील आहे. या समाजातील अनेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलमध्ये गेली. तेथे धार्मिक दृष्ट्या पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळविण्यासाठी त्यांना झगडावे लागले आणि १९६४ मध्ये त्या लढ्यास यश आले. त्यांचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्या देशात निघत आले आहे. म्हणजे मराठी यात्रेकरू ज्या भूमीला ‘पवित्र भूमी’ म्हणतो त्या भूमीतील रामला, लोद, दिमोना अशा गावांत मराठी बोलणारी घरे आहेत. उलटपक्षी, रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या खंडाळे येथे एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण खडकावर उमटली अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे आणि तेथे मलिदा अर्पण केला जातो. बायबलचा भूगोल आणि कोकणचा भूगोल अशा रीतीने एकमेकांत मिसळलेले आहेत. ख्रिस्ती यात्रेकरूच्या मराठी लेखनात या मिश्रणाची जाणीव अपेक्षित धरणे गैर नाही.

२. संज्ञांचा प्रश्न

मराठीत या अनुभवासाठी तयार शब्दांची वाण नाही. तीर्थ, क्षेत्र, यात्रा, वारी, दर्शन, पदस्पर्श, समाधी हे सर्व शब्द लेखकाच्या हाताशी असतात. अडचण अशी की प्रत्येक शब्द आपल्यासोबत एक अर्थविश्व घेऊन येतो. ‘तीर्थ’ या शब्दाच्या मुळाशी पाण्याचा उतार आहे. त्यामुळे यार्देन नदीच्या संदर्भात तो सहज शोभतो. परंतु वाळवंटातील सिनाय पर्वताला तो तितकासा लागू पडत नाही. ‘वारी’ ही पुन्हापुन्हा करावयाची असते, तिला ठरलेली तिथी असते आणि ती समूहाने पायी करावयाची असते. विमानाने आठ-दहा दिवसांत आयुष्यात एकदा केलेल्या प्रवासाला वारी म्हणणे हे केवळ अलंकरण ठरते.

सर्वांत कठीण शब्द ‘दर्शन’ आणि ‘समाधी’ हे आहेत. मराठी भाविक आळंदीला जातो तेव्हा ज्ञानेश्वर तेथे आहेत या श्रद्धेने जातो. पंढरीला जातो तेव्हा विटेवर उभा असलेला देव त्याला पाहावयाचा असतो. जेरुसलेममधील पवित्र कबरीच्या मंदिरात ख्रिस्ती यात्रेकरू तासन्तास रांगेत उभा राहून ज्या लहानशा दालनात वाकून शिरतो, तेथे मात्र त्याच्या श्रद्धेप्रमाणे कोणीही नाही. ती कबर रिकामी आहे आणि तिचे रितेपण हाच त्याच्या श्रद्धेचा गाभा आहे. अशा ठिकाणाला ‘समाधिस्थळ’ म्हटले तर अर्थाचा विपर्यास होतो. ‘दर्शन घेतले’ म्हटले तर कशाचे, हा प्रश्न उरतो. या ठिकाणी लेखकाची खरी परीक्षा असते. ‘धन्य झालो’, ‘डोळे पाणावले’, ‘अंगावर रोमांच उभे राहिले’ अशी ठरीव वाक्ये या रितेपणावर पांघरूण घालतात. ज्याला ते रितेपण शब्दांत धरता येईल त्याने मराठी यात्रालेखनात नवी भर घातली असे म्हणता येईल, कारण आपल्या तीर्थयात्रावर्णनाच्या परंपरेत या अनुभवाला पूर्वसूरी नाही.

नावांचाही प्रश्न आहे. प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी बायबल ‘यरुशलेम’ म्हणते, वृत्तपत्रे ‘जेरुसलेम’ म्हणतात, ज्यू ‘येरुशलायिम’ म्हणतात आणि अरब ‘अल्-कुद्स’ म्हणतात. लेखक कोणते नाव निवडतो यावरून तो शास्त्राच्या भूमीत उतरला आहे, बातम्यांच्या भूमीत उतरला आहे की लोकांच्या वस्तीत उतरला आहे, हे पहिल्याच पानावर कळते.

३. न पाहिलेली भूमी

मराठीत ख्रिस्तभूमीचे चित्रण यात्रेकरूंच्या आधी कवींनी केले, हे विसरून चालणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) गोमंतकात रचले गेले. त्या भूमीत पाऊल न ठेवता स्टीफन्स यांनी ती ओवीत उभी केली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्यासही ते कचरले नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ हेही पॅलेस्टाइन न पाहता लिहिलेले काव्य होय. याच मालिकेत हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये जॉन बन्यनच्या रूपककथेचे केलेले ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतरही ठेवता येईल. त्यातील यात्रा बाहेरच्या कोणत्याही स्थळाची नसून आत्म्याची आहे.

या परंपरेचा अर्थ महत्त्वाचा आहे. मराठी ख्रिस्ती मनाला पवित्र भूमी प्रथम भाषेतून भेटली. गालीलचे सरोवर त्याने कोकणच्या किंवा गोदाकाठच्या पाण्यावरून कल्पिले, मेंढपाळ माणदेशच्या धनगरांवरून कल्पिला. पुढे जेव्हा यात्रेकरू प्रत्यक्ष तेथे जातो तेव्हा त्याच्या मनात दोन भूमींची टक्कर होते. एक त्याने शब्दांतून उभारलेली असते, तर दुसरी बसच्या काचेतून दिसणारी असते. ‘किती लहान आहे ही नदी!’ असा उद्गार यार्देनच्या काठी अनेकांच्या तोंडून निघतो, तो या टकरीतूनच. चांगला यात्रालेखक ही टक्कर लपवीत नाही. सामान्य लेखक मात्र पाहिलेल्या भूमीला कल्पिलेल्या भूमीच्या मापाने कापून घेतो.

४. पुरावा शोधणारी दृष्टी

यात्रेकरूची पहिली दृष्टी पुराव्याची असते. ग्रंथात वाचले ते येथे दगडावर दिसते, म्हणून ग्रंथ खरा, असा तिचा तर्क असतो. कॉस्मसचे उदाहरण या दृष्टीच्या मर्यादा दाखविण्यास पुरेसे आहे. सिनायच्या वाळवंटातील खडकांवर त्याने कोरीव अक्षरे पाहिली आणि ती मिसरातून निघालेल्या इस्राएली लोकांनी कोरली असे लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकात त्या लिपीचे वाचन झाले तेव्हा ती अक्षरे नबातीय लोकांची निघाली. विश्वाचा आकार मोशेच्या निवासमंडपासारखा आहे हे सिद्ध करण्याचाही कॉस्मसने अट्टहास केला. परंतु हाच लेखक कल्याणच्या बंदरातून तांबे, इमारती लाकूड आणि कापड बाहेर जाते असे सांगतो तेव्हा इतिहासकार त्याच्यावर विश्वास ठेवतात. व्यापारी म्हणून त्याने जे पाहिले ते टिकले आणि शास्त्राचा पुरावा म्हणून त्याने जे पाहिले ते गळून पडले. यात्रालेखनाच्या समीक्षेला यातून एक सूत्र मिळते : सिद्ध करण्यासाठी पाहणारा डोळा चुकतो, नोंद करण्यासाठी पाहणारा डोळा सहसा टिकतो.

आजच्या पवित्र भूमीत पुरावा शोधणाऱ्याची पंचाईत ठरलेली आहे. येशूच्या बाप्तिस्म्याचे स्थळ म्हणून यात्रेकरूला यार्देनच्या पूर्वतीरावरील अल्-मघतास दाखविले जाते. जॉर्डन देशातील या स्थळाचा २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच्या समोरच पश्चिम तीरावर कस्र-अल्-यहूद आहे आणि गालीलच्या सरोवराजवळ यार्देनित आहे. कबरीचीही स्थळे दोन आहेत. चौथ्या शतकापासून पूजनीय मानलेले पवित्र कबरीचे मंदिर हे एक, आणि एकोणिसाव्या शतकात प्रसिद्धीस आलेली, अनेक प्रॉटेस्टंट यात्रेकरूंना प्रिय असलेली ‘बागेतील कबर’ ही दुसरी. ज्या मार्गाने येशूने क्रूस वाहिला असे सांगितले जाते त्या ‘व्हिया दोलोरोसा’चे आजचे टप्पे शतकानुशतकांच्या भक्तीतून ठरत गेले आहेत. पुरावा हाच आधार मानणाऱ्या लेखकाला या बहुविधतेचा त्रास होतो. तो एक स्थळ खरे मानून दुसऱ्याचा उल्लेख टाळतो, आणि त्या क्षणी त्याचे लेखन प्रवासवर्णन न राहता पर्यटनपत्रक होते.

५. स्मरणाची दृष्टी

दुसरी दृष्टी स्मरणाची होय. तिचा उत्तम नमुना म्हणजे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात पवित्र भूमीत गेलेली एगेरिया ही स्त्री. पश्चिम युरोपातून गेलेल्या या यात्रेकरूने आपल्या भगिनींना उद्देशून लिहिलेला वृत्तांत १८८४ मध्ये इटलीतील अरेझ्झो येथे हस्तलिखितात सापडला. एगेरिया प्रत्येक स्थळी पोहोचताच प्रार्थना करते, त्या स्थळाशी संबंधित शास्त्रपाठ वाचून घेते, स्तोत्र म्हणते आणि पुन्हा प्रार्थना करते. स्थळ तिला पुरावा म्हणून नको आहे. वाचनाला जागा म्हणून हवे आहे. तिथे वाचले की शब्द अधिक जवळचा होतो, एवढीच तिची भूमिका आहे.

विशेष म्हणजे एगेरियाचे डोळे उघडे आहेत. जेरुसलेममध्ये बिशप ग्रीक भाषेत बोलतात, एक धर्मगुरू ते सिरियाई भाषेत सांगतो आणि लॅटिन जाणणाऱ्यांना त्यांचे बांधव समजावून देतात, हे ती आवर्जून नोंदविते. क्रूसाच्या लाकडाचे चुंबन घेताना कोणी एकाने दातांनी तुकडा तोडून नेला, म्हणून सेवक आता भोवती पहारा देतात, हेही ती सांगते. भक्ती आणि लोभ यांचे असे मिश्रण पाहून ती रागावत नाही, तसेच ते झाकतही नाही. भाषेच्या अध्यापकांना तर तिचे हे बहुभाषिक सभेचे वर्णन विशेष मोलाचे वाटावे.

स्मरणाच्या या दृष्टीलाही आतून आव्हान मिळाले आहे. त्याच चौथ्या शतकात नीसाचे बिशप ग्रेगरी यांनी एका पत्रात, जागा बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही, असे मत मांडले. ते स्वतः जेरुसलेम पाहून आले होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या प्रसंगाचा आशयही असाच आहे की, खरी उपासना एका डोंगराशी किंवा एका नगराशी बांधलेली नाही. मराठी वाचकाला हा सूर परका नाही. आपल्या संतांनी तीर्थाटनाच्या अहंकारावर कोरडे ओढले आणि त्याच वेळी पंढरीची वाटही सोडली नाही. या द्वंद्वाचा वारसा मराठी ख्रिस्ती लेखकाला दोन्ही बाजूंनी लाभला आहे. ‘मी जाऊन आलो’ या अभिमानाला आणि ‘जाण्याची गरजच काय’ या कोरडेपणाला त्याने सारखेच दूर ठेवावे, अशी अपेक्षा या वारशातूनच निर्माण होते.

६. शेजाराची दृष्टी

तिसरी दृष्टी शेजाराची. पवित्र स्थळाच्या आजूबाजूला आज कोण राहते, ते कसे जगते आणि यात्रेकरूच्या येण्या-जाण्याचा त्याच्या जगण्याशी काय संबंध आहे, हे पाहणारी ही दृष्टी होय. मराठीत तिची मुळे जुनी आहेत. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) हा त्याचा दाखला. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी द्रव्यार्जन आणि तीर्थयात्रा या हेतूंनी उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. गंगेची कावड घेऊन घरी परतणे हे त्यांचे उद्दिष्ट शेवटपर्यंत राहिले. परंतु आपण आज त्यांचे पुस्तक वाचतो ते झांशीत त्यांनी पाहिलेल्या माणसांसाठी, लुटीसाठी आणि भीतीसाठी. तीर्थयात्रेला निघालेल्याने संघर्ष पाहिला आणि तो न टाळता लिहिला, म्हणून तो ग्रंथ टिकला.

या पार्श्वभूमीवर दिब्रिटो यांच्या ग्रंथाच्या शीर्षकाकडे पाहावे. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ यातील षष्ठी विभक्ती लक्षणीय आहे. ‘काशीची यात्रा’ म्हणताना यात्रा करणारा भाविक असतो आणि काशी हे गंतव्य असते. येथे मात्र ‘संघर्ष’ हे पद जोडल्यामुळे यात्रा कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. ही यात्रा लेखकाची जितकी आहे तितकीच त्या भूमीची स्वतःची आहे. भूमीच चालत आली आहे, साम्राज्यांतून, धर्मयुद्धांतून, फाळणीतून. यात्रेकरू तिच्या वाटेत काही काळ सोबत करतो इतकेच. मराठी राजकीय व्यवहारात ‘संघर्षयात्रा’ हा शब्द रूढ असल्याने देवळातील घंटेपेक्षा रस्त्यावरील माणसांचा आवाज त्यात आधी ऐकू येतो. शीर्षकाच्या पातळीवरच भक्ती आणि इतिहास यांना एका पदात बांधण्याची ही कृती मराठी ख्रिस्ती यात्रालेखनाला नवे वळण देणारी आहे.

या कृतीचा संबंध लेखकाच्या वसईतील कार्याशी जोडणे अप्रस्तुत होणार नाही. वसईची जमीन, विहिरी आणि हिरवाई वाचविण्याच्या चळवळीत दिब्रिटो अग्रभागी होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण होईपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. त्यामुळे जमीन, पाणी आणि वस्ती यांवरचा ताण हा ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील वाचकाच्याही नित्याच्या अनुभवाचा भाग आहे. ज्याने आपल्या गावी जमिनीवरून होणारा संघर्ष जवळून पाहिला, त्याला दूरच्या भूमीतील कुंपणे केवळ दृश्य म्हणून दिसणे अवघड आहे.

तथापि शीर्षकातील दुसऱ्या पदाविषयी मतभेद नोंदविणे आवश्यक वाटते. ‘ख्रिस्तभूमी’ हा शब्द मायेचा आहे, परंतु तो एका थराला संपूर्ण भूमीचे नाव देतो. ज्यूंसाठी ती पूर्वजांना वचन दिलेली भूमी आहे, मुस्लिमांसाठी अल्-अक्साची भूमी आहे आणि पॅलेस्टिनी शेतकऱ्यासाठी, तो कोणत्याही धर्माचा असो, ती आधी त्याच्या ऑलिव्हच्या बागेची भूमी आहे. ‘संघर्ष’ या पदाने जे दार उघडले ते ‘ख्रिस्तभूमी’ या पदाने थोडे लोटले जाते. हा दोष एका लेखकाचा नसून ‘पवित्र भूमी’ म्हणणाऱ्या सर्व परंपरांचा आहे. पण मराठीत पुढे लिहिणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

शेजाराच्या दृष्टीने पाहिले म्हणजे परिचित स्थळेही वेगळी दिसू लागतात. पवित्र कबरीच्या मंदिराची वाटणी ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियाई आणि इथिओपियन अशा सहा संप्रदायांत आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील ऑटोमन फर्मानांनी ठरवून दिलेली ‘जैसे थे’ व्यवस्था तेथे आजही पाळली जाते. या मंदिराची किल्ली मात्र जूदे आणि नुसैबे या दोन मुस्लिम घराण्यांकडे परंपरेने आहे. ख्रिस्ती जगाचे सर्वांत पवित्र दार रोज मुस्लिम शेजाऱ्याच्या हाताने उघडते, ही नोंद कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक बोलकी आहे. बेथलेहेमचेही तसेच. २००२ मध्ये जन्ममंदिराला ३९ दिवस वेढा पडला होता. त्याच वर्षापासून उभारल्या गेलेल्या भिंतीतून यात्रेकरूंची बस जाते, पण बेथलेहेमच्या रहिवाशाला जेरुसलेमला जाण्यासाठी परवाना लागतो. म्हणजे ठाण्याच्या तलावपाळीजवळील सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चमधला भाविक कबरीच्या मंदिरात ज्या सहजतेने पोहोचतो, तितक्या सहजतेने काही किलोमीटरवरचा बेथलेहेमचा ख्रिस्ती पोहोचू शकत नाही. ज्या यात्रावर्णनात ही विषमता नोंदली जात नाही त्याने स्थळ पाहिले, पण त्या स्थळाची आजची कथा पाहिली नाही.

७. काही आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भाविक प्रार्थनेसाठी जातो. त्याच्याकडून राजकीय भूमिकेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आयुष्यभराच्या बचतीतून आठ-दहा दिवसांसाठी गेलेल्या निवृत्त शिक्षिकेने किंवा रेल्वे कर्मचाऱ्याने जगातील एका अतिशय गुंतागुंतीच्या प्रश्नावर मत का द्यावे? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु येथे अपेक्षा मताची नाही, नोंदीची आहे. बसचा चालक कोण होता, वाटाड्या कोणत्या भाषेत बोलला, कोणत्या नाक्यावर कोणाला उतरविले, ऑलिव्हच्या लाकडाचा क्रूस विकणाऱ्याने काय सांगितले, एवढे लिहिले तरी पुरे. कल्याणच्या कापडाची नोंद करण्यासाठी कॉस्मसला कोणतीही राजकीय भूमिका घ्यावी लागली नव्हती.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. संघर्षावर भर दिला तर भक्तीचे लेखन पत्रकारितेत विरून जाईल, अशी भीती व्यक्त केली जाते. ही भीतीही निराधार नाही. केवळ तपासनाके मोजणारे यात्रावर्णन आणि केवळ अश्रू मोजणारे यात्रावर्णन, दोन्ही एकांगीच होत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. धर्मांतरासारखा जीव पिळवटणारा विषय, जातीचे सोवळे हळूहळू सुटण्याची प्रक्रिया, नवऱ्याचा लहरी स्वभाव आणि घरातील रोजचा संसार हे सर्व त्यांनी एकाच आवाजात, स्वतःकडेही मिश्कीलपणे पाहत सांगितले. त्यांची श्रद्धा त्यामुळे उणावली नाही. वाचकाला ती अधिक विश्वसनीय वाटली. मराठी ख्रिस्ती गद्याजवळ हा आदर्श असताना यात्रालेखनाने भक्ती आणि निरीक्षण यांपैकी एकाचीच निवड करण्याचे कारण नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

एक, ख्रिस्तभूमीचे मराठी यात्रालेखन हे केवळ धार्मिक वाङ्मय म्हणून बाजूला ठेवता येत नाही. गोडसे भटजींपासून चालत आलेल्या तीर्थयात्रावर्णनाच्या परंपरेशी त्याचे नाते आहे आणि पदव्युत्तर वर्गांत प्रवासवर्णन शिकविताना त्याचा समावेश करण्यास भरपूर आधार आहे.

दोन, या लेखनातील पुराव्याची दृष्टी सर्वांत दुर्बल, स्मरणाची दृष्टी सर्वांत सहज आणि शेजाराची दृष्टी सर्वांत कठीण आहे. उत्तम लेखनात स्मरण आणि शेजार एकत्र येतात. एगेरियाकडे दोन्हींची बीजे आहेत आणि दिब्रिटो यांच्या शीर्षकात त्यांना एकत्र आणण्याची स्पष्ट इच्छा आहे.

तीन, रिकाम्या कबरीचा अनुभव, सहा संप्रदायांचे एकच छप्पर आणि त्या भूमीतील मराठीभाषक बेने इस्राएल समाज हे तीन विषय मराठी लेखकाची वाट पाहत आहेत. त्यांपैकी शेवटचा विषय तर मराठी यात्रेकरूलाच विशेषत्वाने साधण्यासारखा आहे. जेरुसलेमला गेलेल्या ठाणेकराने रामल्यातील एखाद्या मराठी घरी चहा घ्यावा आणि त्याच प्रवासात बेथलेहेममधील पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीही बसावे. या दोन घरांत त्याला कदाचित एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी ऐकावयास मिळतील. त्या जुळविण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. त्या दोन्ही प्रामाणिकपणे मराठीत आणण्याची मात्र आहे.

१३२१ मध्ये ठाण्यात परक्या यात्रेकरूंना एका शेजाऱ्याने घर दिले होते, ही गोष्ट आपण जाणतो कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. येथून जाणाऱ्या यात्रेकरूने तेथील शेजाऱ्यांविषयी तेवढे लिहून ठेवावे, ही अपेक्षा त्यामुळे अवाजवी ठरू नये.